वाफ्यात मांजर उकरतंय? आधी मातीकडे बघा

एका वर्षी दसऱ्यानंतरच्या आठवड्यात मी पिटुनिया आणि डायंथसची चोवीस रोपं वाफ्यात लावली. त्यासाठी दोन दिवस खपून माती तयार केली होती. लाल माती, चाळलेलं शेणखत आणि वरून भिजवून मोकळं केलेलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन बघायला गेले तर सात रोपं आडवी, मुळं वर, आणि मधोमध हाताने थापल्यासारखा एक ढिगारा. त्याखाली काय होतं ते खुरपं लागल्यावर कळलं.

नाशिकच्या इंदिरानगरातली आमची गल्ली रो-हाउसची. कंपाउंडला कंपाउंड लागलेलं आणि भिंतींवरून मांजरांचा राजमार्ग. काही मांजरं पाळलेली, काही कुणाच्या तरी दूधभातावर वाढलेली, बाकीची स्वतंत्र बाण्याची. पहिली दोन वर्षं मी मांजरं हाकलण्यात घालवली आणि हरले. मग एकदा वाफ्याकडे मांजराच्या नजरेने बघितलं.

नाशिकची मूळ माती काळी. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसाळ्यात ती चिखल होऊन पायाला चिकटते. पंजाने उकरायला दोन्ही वेळा निकामी. उरलेल्या गल्लीत पेव्हर ब्लॉक, कोबा आणि डांबर. अशा ठिकाणी कुणी दहा फूट बाय तीन फूट भुसभुशीत, कोरडी, चाळलेली माती पसरून ठेवली तर मांजर दुसरीकडे जाईलच कशाला? त्याला तुमच्या फुलांशी काही देणंघेणं नाही. त्याला उकरता येईल अशी उघडी माती हवी असते आणि ती आपणच पुरवतो. म्हणून खाली जे उपाय दिले आहेत त्यातले बहुतेक मातीच्या वरच्या दोन इंचांबद्दलच आहेत.

आधी चोर ओळखा

उकरलेलं दिसलं की नाव मांजराचं, असं करू नका. बिळाचं तोंड आणि बाहेर मातीचा मोठा ढीग दिसला तर ती घूस. तिच्यासाठी हा लेख नाही. मुंगूस किडे शोधताना छोटे, निमुळते खड्डे पाडतं आणि ते बुजवत नाही. कुत्रं रुंद उकरतं आणि माती मागे लांबवर उडवतं. पाचोळा उलटापालटा झाला असेल पण खड्डा नसेल तर बहुधा सातभाई किंवा भारद्वाज पक्षी येऊन गेले. मांजराची खूण म्हणजे उथळ खड्डा, त्यावर चहूबाजूंनी ओढून आणलेली माती, आणि तो वास.

खात्री करायची असेल तर संध्याकाळी वाफ्याच्या कडेला रांगोळीचा पातळ थर पसरा. सकाळी गोलसर, चार बोटांचे, नखांची खूण नसलेले ठसे मिळाले तर मांजरच. चालताना ते नखं आत घेतं, कुत्र्याला ती घेता येत नाहीत. ठसे कुठून आले तेही बघून ठेवा. मांजर सहसा ठरलेल्या वाटेने येतं आणि ती वाट पुढे उपयोगी पडते.

जुना वास काढा, नाहीतर पुढचं सगळं वाया

ही पायरी कंटाळवाणी आहे म्हणून लोक टाळतात. एकदा जिथे विधी झाला तिथला वास पुढच्या वेळचं आमंत्रण असतो, त्याच मांजराला आणि इतरांनाही. हातमोजे घालून खुरप्याने घाण आणि तिच्या आजूबाजूची दोन-तीन इंच माती काढा, पिशवीत बांधून कचऱ्यात द्या. कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका. मग त्या जागी बादलीभर पाणी ओतून मुरू द्या आणि वर नवी माती घाला.

बोक्याने भिंतीवर किंवा कुंडीवर फवारा मारला असेल तर साबणाच्या पाण्याने घासून, वर निम्मं पाणी मिसळलेलं व्हिनेगर मारा. पाळीव प्राण्यांच्या दुकानात एन्झाइमचं क्लीनर मिळतं, ते जास्त चांगलं. ब्लीच वापरू नका; लघवीतल्या अमोनियाशी त्याची गाठ पडली की त्रासदायक वायू निघतो. फिनाइलही नको, त्याचं कारण पुढे येईलच.

हातमोज्यांचा आग्रह उगाच नाही. मांजरांच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीची अंडी मातीत येऊ शकतात. विष्ठा पडल्यावर एक ते पाच दिवसांत ती संसर्ग करण्याजोगी होतात आणि मातीत महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून घाण रोजची रोज काढणं फायद्याचं. घरात कुणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याने करावं. त्याच वाफ्यात कडेला कोथिंबीर किंवा मेथी लावली असेल तर ती वाहत्या पाण्याखाली नीट धुऊनच घरात घ्या.

उघडी माती ठेवायची नाही

आता मुख्य काम. नवा वाफा लावलात त्याच दिवशी हे करा. उद्या करू म्हणालात तर आज रात्री पाहणी होऊन जाईल. रोपं रुजून पसरेपर्यंतचा काळ सगळ्यात धोक्याचा असतो.

सगळ्यात खात्रीचा उपाय कोंबडीजाळी. हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते. एक इंच छिद्रांची, गॅल्व्हनाइज्ड घ्या. साधी तार एका पावसाळ्यात गंजते. ती उभी लावायची नाही, मातीवर आडवी अंथरायची. वाफा सपाट करून पाणी घाला, माती बसू द्या, मग जाळी पसरा. जिथे रोप लावायचं तिथे कात्रीने अधिक चिन्हासारखा छेद द्या, चारही टोकं खाली दुमडा, मधल्या जागेत रोप लावा. कापलेल्या कडाही सगळ्या खाली वळवा, नाहीतर मांजराआधी तुमचंच बोट रक्ताळेल. कडेला दर दीड-दोन फुटांवर जाड तारेचे यू आकाराचे आकडे करून खोचा. जाळी सैल राहिली तर मांजर ती कोपऱ्यातून उचलतं, हे मी पाहिलं आहे. वर अर्धा इंच माती किंवा पाचोळा भुरभुरवला की जाळी दिसतही नाही. पंजा खाली गेला की तार लागते, उकरता येत नाही, दोन-तीन प्रयत्नांत मांजर नाद सोडतं. त्याला इजा होत नाही.

झेंडू किंवा झिनियाचं बी थेट पेरणार असाल तर पेरून झाल्यावर जाळी टाका. अंकुर छिद्रांतून वर येतात. खोड जाड होणाऱ्या झाडाभोवतीचं छिद्र मात्र मोठं ठेवा, नाहीतर वर्षभराने तार खोडात रुतते.

जाळी नको असेल तर काड्या. यात नाशिककरांची चैन आहे. नवे वाफे लावायचे दिवस आणि द्राक्षबागांच्या ऑक्टोबर छाटणीचे दिवस जवळपास एकच. ओळखीच्या बागायतदाराला विचारलं तर तो काड्यांची मोळी आनंदाने देतो, बांधावरचा पसारा तेवढाच कमी. फूटभर लांबीचे तुकडे करा आणि रोपांच्या मधे साधारण पाच-सहा इंचांवर उभे खोचा, सात-आठ इंच वर राहतील असे. मांजराला विधीसाठी गोल फिरून बसायला जागा लागते. ती मिळाली नाही की ते निघून जातं. विरळ खोचलेल्या काड्यांचा काही उपयोग नाही, त्यांच्या मधून ते आरामात बसतं.

काड्यांबाबत दोन गोष्टी मी चुकून शिकले. एक, बागेत फवारण्या झालेल्या असतात, म्हणून काड्या हाताळताना हातमोजे घाला. दुसरी, ताज्या काड्या ओल्या वाफ्यात खोचल्या तर त्या फुटतात! माझ्या पिटुनियात डिसेंबरमध्ये द्राक्षाची अकरा रोपं उभी होती. काड्या आठ-दहा दिवस उन्हात कडक वाळवून घ्या, आणि तरीही खोचताना उलट्या खोचा, शेंडा खाली.

गुलाबाची छाटणीही त्याच सुमाराला होते. त्या काटेरी फांद्या रोपांमध्ये आडव्या पसरल्या तर चालतात, पण खुरपणी करताना त्या काट्यांची आठवण आपल्याला राहत नाही. लहान मुलं अंगणात खेळत असतील तर नकोच.

कुंड्यांसाठी याहून सोपं आहे. मुठीएवढे दगड, फुटक्या कौलांचे तुकडे किंवा नारळाच्या करवंट्या मातीवर लगत लगत मांडायच्या. करवंट्या पालथ्या ठेवा. उताण्या ठेवल्या तर पाणी साचून डासांची पैदास होते, मग मांजर परवडलं म्हणाल. बारीक खडी मात्र उपयोगाची नाही, मांजर ती सहज बाजूला सारतं.

कोकोपीट वरच्या थरात वापरू नका. मातीत मिसळा, पण वर उघडं पसरू नका. ते हलकं, कोरडं, मऊ असतं आणि मांजराच्या दृष्टीने दुकानात मिळणाऱ्या 'लिटर'पेक्षा, म्हणजे मांजराच्या शी-शूच्या मातीपेक्षा, वेगळं नसतं. माझ्या त्या चोवीस रोपांचा घात कोकोपीटनेच केला. गुलाबाला बोनमील (हाडांचा चुरा) घालत असाल किंवा मासळीचं खत देत असाल तर तेही चार-सहा इंच खोल मातीत मिसळून बुजवा. वर राहिलं तर मांजरं आणि कुत्री दोन्ही हुंगत येतात.

यातला सगळ्यात सुंदर उपाय अर्थात वाफा भरून टाकणं. ऑफिस टाइम (पोर्टुलाका), अबोली, सदाफुली यांची दाट लागवड झाली की मातीच दिसत नाही आणि प्रश्नच मिटतो. जाळी आणि काड्या तिथवर पोचेपर्यंतच्या कुबड्या. आमच्या कडेच्या अबोलीखाली दोन वर्षांत एकदाही उकरलेलं नाही.

पाण्याचा वापर, ऋतू बघून

मांजराला कोरडी माती लागते, म्हणून वाफा ओलसर ठेवला की उकरणं कमी होतं. पण हिवाळ्यात संध्याकाळी पानांवर पाणी मारलंत तर गुलाबाच्या पानांवर काळ्या ठिपक्यांचा रोग येईल. पाणी बुंध्याशीच द्या. ठिबकची नळी असेल तर उत्तम, फक्त ड्रिपरच्या मधली माती कोरडी राहते आणि मांजर नेमकी तीच शोधतं. तिथे काड्या हव्यातच.

एप्रिल-मे मध्ये उलटं होतं. ओलसर, सावलीतल्या वाफ्यात मांजरं घाण करायला येत नाहीत, गारव्याला लोळायला येतात आणि रोपं चेंबटतात. तेव्हा दगड आणि करवंट्या कामाला येतात, कारण त्यांच्यावर कुणी लोळत नाही. डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या कोवळ्या उन्हासाठी पूर्वेकडचा वाफा पसंत पडतो. त्यांना बसायला वाफ्याबाहेर उन्हात एखादं पोतं टाकून दिलं तर ती तिथे बसतात. थंडीचं नाशिक ज्यांनी अनुभवलंय त्यांना यात नवल वाटणार नाही. पावसाळ्यात सज्जाखालची, पागोळीच्या आतली कोरडी पट्टी तेवढी सांभाळा. बाकी अंगण चिखलाचं झालेलं असतं, म्हणून सगळी गल्ली तिथेच जमते.

हालचाल टिपून पाणी उडवणारे सेन्सरचे स्प्रिंकलर ऑनलाइन मिळतात. मांजरांवर त्यांचा परिणाम चांगला होतो. पण त्यांना पाण्याचा दाब लागतो, एकमजली घराच्या टाकीवर तो पुरत नाही, आणि पेपर टाकणारा मुलगा रोज भिजतो. मला तो सौदा पटला नाही.

वास, वनस्पती आणि निळ्या बाटल्या

संत्र्या-मोसंबीच्या साली मांजरांना आवडत नाहीत हे बऱ्याच अंशी खरं. पण साल दोन-तीन दिवसांत वाळते, वास जातो, वर चिलटं. एका ठराविक जागेसाठी, जुना वास काढल्यानंतर आठवडाभर, एवढ्यापुरत्या वापरा.

सताप जास्त भरवशाचा. आपल्याकडे बाळंतिणीच्या घरी लागायचा तोच, निळसर पानांचा, उग्र वासाचा. वाफ्याच्या ज्या कोपऱ्यातून मांजर आत येतं तिथे दोन-तीन रोपं लावा. याने काम पूर्ण होत नाही, पण जाळीला साथ मिळते. छाटताना मात्र लांब बाह्यांचे कपडे घाला. सतापाचा चीक अंगाला लागून वर ऊन पडलं तर कातडी भाजल्यासारखी होते. गवती चहाचं नाव या यादीत पुष्कळ जण घेतात. आमच्याकडची मांजरं गवती चहा चवीने चावतात.

आता एक उलटी वनस्पती. खोकली नावाचं तण पावसाळ्यात कुंड्यांमध्ये, भिंतीच्या फटीत आपोआप उगवतं. शेंडीसारखा हिरवा तुरा, पेल्यासारखी छोटी हिरवी पानं त्यावर. याच्या मुळांच्या वासाने मांजरं वेडी होतात, लोळतात, मुळं चघळतात. कितीतरी जण वाफा खुरपतात, खोकली उपटून तिथेच टाकतात, आणि दुपारी तीन मांजरं वाफ्यात का नाचताहेत याचा विचार करत बसतात. खोकली मुळासकट काढा आणि लांब न्या. कुठे न्यायची ते पुढे सांगते.

निळीचं पाणी भरलेल्या बाटल्या दारात ठेवण्याची पद्धत आपल्याकडे गल्लोगल्ली आहे. मीही ठेवल्या होत्या. एका बाटलीला टेकून आमची करडी भाटी झोपायची.

हे करू नका

डांबरगोळ्या टाकू नका. एका वर्षी मीच टाकल्या होत्या, म्हणून सांगते. नॅफ्थलीन मांजरांना विषारी आहे, मातीला आणि हुंगणाऱ्या लहान मुलालाही वाईट. फिनाइल आणि त्या जातीची जंतुनाशकं मांजराच्या यकृताला पचत नाहीत. पायाला लागलेलं ते चाटून पोटात घेतं. कॉफीचा चोथा, कांद्या-लसणाची सालं हे घरगुती म्हणून निरुपद्रवी वाटतात, पण तीही पोटात गेली तर मांजराला बाधतात. मिरचीपूड डोळ्यांत जाते. भिंतीवर काचा लावल्या तर मांजर त्यातूनही वाट काढतं, सापडतो तो शेजारचा पोर चेंडू काढताना.

आणि पोत्यात घालून गंगेपलीकडे, म्हणजे गोदावरीपलीकडे, सोडून येण्याचा जुना नाशिकी उपाय. तो अघोरी तर आहेच, शिवाय चालतही नाही. रिकामी झालेली हद्द दुसरं मांजर भरून काढतं. विष घालणं, जखमी करणं हा तर गुन्हा आहे: १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहेच, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

त्यांची जागा त्यांना द्या

वाफा बंद केला की मांजर जाणार कुठे? शेजारच्या वाफ्यात, आणि मग शेजारीण तुमच्याकडे. म्हणून अंगणाच्या मागच्या बाजूला, वर पत्रा किंवा सज्जा असलेल्या कोपऱ्यात, अडीच फूट बाय अडीच फूट जागा घ्या. कडेला विटा लावा आणि सहा इंच कोरडी वाळू भरा. बांधकामातून उरलेली, चाळलेली चालते. पहिल्या दिवशी वाफ्यातून काढलेली थोडी घाण कचऱ्यात न देता तिथेच पुरा, म्हणजे पत्ता कळतो. उपटलेली खोकली इथे आणून टाका. रोज एकदा चाळणीच्या खुरप्याने साफ करा, कारण मांजर घाणेरडी जागा वापरत नाही, ते परत तुमच्या पिटुनियाकडे वळेल. वाळू दोन-तीन महिन्यांनी बदला.

माझ्याकडे हे जमायला दहा-बारा दिवस लागले. दोन मांजरं तिकडे वळली, तिसरं बेफिकीर राहिलं.

तिसरा होता बोका. नसबंदी न झालेला नर हद्द आखायला फवारे मारत फिरतो आणि त्याला वाळू पुरत नाही. मादी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, साधारण नऊ आठवड्यांत विते, आणि वर्षात दोन-तीनदा. गल्लीतली मांजरं वाढत राहिली तर जाळ्या किती अंथरणार? गल्लीतल्या चार घरांनी वर्गणी काढून जवळच्या पशुवैद्यकाकडे नसबंदी करून घेणं, आणि त्याच फेरीत रेबीजची लस, हाच टिकाऊ उपाय. नसबंदी झालेल्या मांजराच्या कानाचं टोक थोडं कापून खूण करतात, म्हणजे तेच मांजर पुन्हा पकडलं जात नाही.

त्यासाठी शेजाऱ्यांशी बोलावं लागतं. आमच्या समोरच्या काकू मांजरांना दूधभात घालतात. दोन वर्षं मी त्यांच्यावर मनातल्या मनात धुसफुसत होते. शेवटी एका संध्याकाळी वाटीभर मोगरा घेऊन गेले आणि म्हटलं, "काकू, मांजरांना तुम्ही जेवू घालता ते छानच. पण ती जेवतात तुमच्याकडे आणि बाकीचं सगळं माझ्या वाफ्यात. तुमच्या मागच्या अंगणात एक वाळूचा चौकोन करू या का? वाळू मी देते."

काकू हसायला लागल्या. म्हणाल्या, "अगं, मला वाटायचं तुला आवडत नाहीत म्हणून तू बोलत नाहीस. त्या बोक्याचं काहीतरी करायला हवं, माझ्या तुळशीवरही फवारतो तो." बोक्याची वर्गणी निम्मी त्यांनी भरली.

बोलायला जाताना एक पथ्य पाळा. तक्रार घेऊन जाऊ नका, फोटो घेऊन तर मुळीच नको. खायला दिवसाच्या ठरलेल्या वेळी द्या, उरलेलं रात्रभर बाहेर ठेवू नका, एवढंच मागा. मासळी आणली त्या दिवशीचा कचरा पिशवीला गाठ मारून ठेवणं मात्र ज्याचं त्यानेच करायचं.

पहिले पंधरा दिवस

पहिल्या दिवशी घाण आणि माती काढणं, पाणी मुरवणं, त्याच संध्याकाळी जाळी किंवा काड्या. दुसऱ्या दिवशी वाळूचा कोपरा. पुढचे आठ दिवस रोज सकाळी वाफ्यावरून नजर फिरवा. जिथे नवं उकरलेलं दिसेल तिथे लगेच साफ करून चार काड्या वाढवा, कारण मांजर कमकुवत जागा शोधत असतं. दहाव्या दिवसानंतर फेऱ्या कमी होतात. रोपं पसरून एकमेकांना भिडली की काड्या काढून घ्या. जाळी खाली राहू द्या, पुढच्या हंगामात तिच्यावरच लावता येतं.

गेल्या दसऱ्याला माझ्या चोवीसपैकी चोवीस रोपं उभी राहिली. करडी भाटी हल्ली वाफ्याच्या कडेला टाकलेल्या पोत्यावर ऊन खात बसते, आणि द्राक्षाच्या त्या अकरांपैकी एक वेल मी काढली नाही, ती आता गेटवर चढली आहे.